पूल ओलांडल्यावर

‘आयर्न फ्लेम’ची माझ्या कपाटातली प्रत माझी नाही, भाचीची आहे. तिने वाचून झाल्यावर ती माझ्याकडे दिली तेव्हा समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. आवडलं तिथे उभी रेघ, चिडली तिथे फुली. पहिल्या शंभर पानांत रेघा जास्त आहेत. मग फुल्या वाढत जातात. मध्ये एका पानावर तर एकाच संवादाला रेघही आहे आणि तिच्यावरच दाबून काढलेली फुलीही. शेवटच्या शंभरेक पानांत मात्र काहीच नाही, कोरा समास. “इथे पेन्सिल हरवली का गं?” म्हणून विचारलं, तर म्हणाली, “मावशी, पहाटेचे तीन वाजले होते. पेन्सिल कोण शोधणार?”

ही पुस्तिका त्या खुणांतून निघाली आहे. ठाण्यात आमचा एक लहानसा वाचनकट्टा आहे. महिन्यातून एकदा आठ-दहा जण जमतो, बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. भाचीने पुस्तक तिथे आणलं त्या दिवशी ड्रॅगनवर बसून प्रेम करणाऱ्या पोरांची गोष्ट म्हणून भरपूर हसून झालं. पुढच्या महिन्यात तिघीजणी पहिला भाग संपवून आल्या होत्या आणि दुसरा कुणाकडे आहे म्हणून विचारत होत्या. दुसऱ्या भागावर मात्र आमच्यात जुंपली. कुणाला तो पहिल्यापेक्षा मोठा वाटला, कुणाला नुसताच लांब. या नऊ टिपणांत ती भांडणं जशीच्या तशी आहेत. प्रस्तावना माझ्या गळ्यात पडली याचं कारण एवढंच, की माझं मत शेवटपर्यंत कुठल्याच बाजूला बसलं नाही.

एक सूचना आधीच देते. रहस्य राखून या पुस्तकाबद्दल बोलता येत नाही, कारण ते रहस्यं राखण्याबद्दलचंच पुस्तक आहे. ज्यांना स्वतः वाचायचं आहे त्यांनी आधी ते वाचावं.

रिबेका यारोस या अमेरिकन लेखिकेची ‘एम्पिरियन’ ही पाच भागांची नियोजित मालिका. पहिला भाग ‘फोर्थ विंग’ मे २०२३ मध्ये आला, दुसरा ‘आयर्न फ्लेम’ त्याच वर्षीच्या ७ नोव्हेंबरला. म्हणजे दोन जाडजूड कादंबऱ्यांत जेमतेम सहा महिन्यांचं अंतर. तिसरा, ‘ऑनिक्स स्टॉर्म’, २१ जानेवारी २०२५ रोजी आला आणि पहिल्याच आठवड्यात सर्व स्वरूपांत मिळून त्याच्या २७ लाख प्रती खपल्याचं प्रसिद्ध झालं. रोमान्स आणि फँटसी यांची सरमिसळ करून इंग्रजीत ‘रोमँटसी’ असा शब्द रूढ झाला आहे. तो चलनी होण्यात या मालिकेचा आणि टिकटॉकवर पुस्तकं नाचवणाऱ्या तरुण वाचकांचा वाटा मोठा आहे.

‘फोर्थ विंग’ या शीर्षकातला श्लेष मराठीत आणता येत नाही. ‘विंग’ म्हणजे पंख, आणि ‘विंग’ म्हणजे सैन्याची तुकडी. व्हायोलेट सॉरेंगेल ही वीस वर्षांची मुलगी आयुष्यभर लेखनिक होण्याची तयारी करत आली आहे. तिला ग्रंथालयात बसायचं आहे, जुने दस्तऐवज जपायचे आहेत. पण तिची आई, जनरल लिलिथ सॉरेंगेल, तिला ड्रॅगनस्वारांच्या विभागात ढकलते. बॅस्गियथच्या युद्धविद्यालयात पहिल्या दिवशी प्रत्येकाने एक उंच, अरुंद दगडी पूल ओलांडायचा असतो. रुंदी हातभर, कठडा नाही, वर पाऊस आणि वारा. जो पडला तो मेला. पुस्तकाचं पहिलं प्रकरण संपायच्या आत आपण त्या मुलीच्या बुटांच्या तळव्यांची काळजी करू लागलेलो असतो.

त्या पुलाने वाचकाला बांधलं, यात शंका नाही. आणि व्हायोलेटच्या शरीरानेही. तिचे सांधे ढिले आहेत. खांदा कधीही निखळतो, गुडघा दगा देतो, हाडं सहज मोडतात. पुस्तकात आजाराचं नाव नाही, पण लेखिकेला स्वतःला एह्लर्स-डॅनलॉस सिंड्रोम आहे आणि व्हायोलेटला तेच दिलं आहे, हे तिने जाहीरपणे सांगितलं आहे. त्यामुळे सांधे कापडाने आवळून बांधणं, उद्या दुखेल हे माहीत असूनही आज चढणं, ‘तू नाजूक आहेस’ म्हणणाऱ्यांचा राग येणं हे तपशील ऐकीव वाटत नाहीत. आमच्या कट्ट्यावर संधिवाताने बेजार झालेल्या एक बाई आहेत. ड्रॅगन, जादू, चुंबनं यांतलं काही त्यांना पटलं नाही, पण खोगीर पटलं. टेर्न नावाच्या प्रचंड काळ्या ड्रॅगनवर व्हायोलेटला टिकून बसता येत नाही म्हणून तिच्यासाठी खास खोगीर करतात. बाकीच्या स्वारांना ते लागत नाही. तिला लाज वाटते, मग ती ते बांधते आणि उडते. “हे बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “काठी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मलाही असंच झालं होतं.”

प्रेमाची मांडणीही याच धाग्यावर उभी आहे. लहानपणीचा मित्र डेन तिला जपतो, पळून जा म्हणतो, तुला जमणार नाही म्हणतो. झेडन रिओरसन हा तिचा शत्रू असायला हवा. त्याच्या बापाने बंड केलं आणि तिच्या आईच्या देखरेखीखाली त्याला मृत्युदंड झाला. पण झेडन तिला ‘परत जा’ म्हणत नाही. लढायचं कसं ते शिकवतो, तिच्या हाताला पेलतील असे खंजीर देतो. जपणारा मागे पडतो आणि विश्वास टाकणारा जिंकतो. हे सूत्र जुनंच आहे, पण नायिकेच्या निखळत्या खांद्यामुळे त्याला वजन आलं.

शेवटी सत्य उघडं पडतं. ज्या राक्षसी वेनिनांना दंतकथा समजत होते ते खरे आहेत. राज्याने ते लपवलं आहे, शेजारच्या देशाची माणसं मरू दिली आहेत. झेडनला हे सगळं आधीपासून माहीत होतं आणि त्याने तिला सांगितलं नाही. मेला समजलेला तिचा भाऊ ब्रेनन दारात जिवंत उभा. पुस्तक संपतं.

पुढच्या पुस्तकाची अडचण नेमकी इथून सुरू होते.

रोमान्स आणि महाकाव्यी फँटसी यांची घड्याळं वेगळी चालतात. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने रोमान्सची जी व्याख्या केली आहे तिच्यात दोनच अटी आहेत. मध्यभागी प्रेमकथा हवी, आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. म्हणजे दोघं एकत्र आली की पुस्तक मिटायचं. फँटसीचं उलटं. तिला राजा गादीवर बसेपर्यंत पाच-सात खंड पाहिजेत, लांबणीवर टाकणं हाच तिचा प्राण. एका मालिकेत दोन्ही बसवायचं म्हटलं की प्रश्न येतो : पहिल्या भागात एकत्र आलेल्या जोडीचं दुसऱ्या भागात करायचं काय?

यावर आधीच्या लेखिकांनी काढलेली उत्तरं पाहण्यासारखी आहेत. ड्रॅगनस्वारांच्या कथांची मूळ माउली ॲन मॅकॅफ्री. १९६८ मध्ये ‘वेयर सर्च’ या दीर्घकथेसाठी तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला, कथालेखनासाठी तो मिळवणारी ती पहिली स्त्री. त्याच वर्षी आलेल्या ‘ड्रॅगनफ्लाइट’मध्ये लेसा आणि फ्लार यांची जोडी जमली. १९७१ च्या ‘ड्रॅगनक्वेस्ट’मध्ये तिने काय केलं? ती जोडी राज्यकारभाराला लावली आणि प्रेमाची कथा दुसऱ्याच दोघांवर, फनॉर आणि ब्रेकी यांच्यावर, नेली. ब्रेकीची राणी ड्रॅगन मरते आणि स्वार जिवंत उरते. त्या दुःखात शिरायला नवी माणसंच हवी होती. रोमान्सच्या कितीतरी मालिका हेच करतात. एका भावाचं लग्न झालं की पुढच्या पुस्तकात धाकटी बहीण.

दुसरं उत्तर सारा जे. मासने काढलं. ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ २०१५ चं. वर्षभराने आलेल्या दुसऱ्या भागात तिने जोडीतला पुरुषच बदलला. पहिल्या भागात ज्याच्यासाठी नायिकेने प्राण पणाला लावले तो टॅमलिन तिला कोंडून ठेवणारा निघतो आणि ती ऱ्हिसँडच्या प्रेमात पडते. तिच्या वाचकांत कितीतरी जण पहिल्यापेक्षा दुसराच भाग डोक्यावर घेतात.

यारोसने दोन्ही वाटा नाकारल्या. तीच नायिका, तोच नायक, आणि पाच भाग. धाडस आहे हे. पण मग दोघांना वेगळं ठेवायला काहीतरी कारण लागतं, आणि कारण म्हणून तिने विश्वासघात निवडला. ‘आयर्न फ्लेम’भर व्हायोलेट म्हणते, तू माझ्यापासून लपवलंस, आता सगळं सांग. झेडन म्हणतो, तू विचार, मी उत्तर देईन. ती म्हणते, जे मला ठाऊकच नाही त्याबद्दल मी विचारू कशी? हा वाद पहिल्यांदा येतो तेव्हा खणखणीत आहे. कुठल्याही संसारात कधीतरी झालेलं भांडण आहे ते, ‘तू विचारलंच नाहीस’ आणि ‘तू सांगितलंच नाहीस’. भाचीने रेघ आणि फुली दोन्ही काढली ती याच जागी. रेघ का, तर व्हायोलेटचं बरोबर आहे. फुली का, तर “हेच मागे येऊन गेलं, मावशी, आणि पुढेही येतंय.” खरंच येतं, थोड्या वेगळ्या शब्दांत, थोड्या वेगळ्या खोलीत. मग झेडनची जुनी वाग्दत्त वधू कॅट येते आणि भांडणाला मत्सराची फोडणी बसते. कॅटला समोरच्याच्या भावना भडकवण्याची शक्ती आहे, म्हणून व्हायोलेटचा जळफळाट जादूच्या खात्यावर मांडता येतो. हे मला पळवाटेसारखं वाटलं. टिपणं लिहिणाऱ्यांपैकी दोघींना ते फार चतुर वाटलं. त्यांचं म्हणणं पुढे आहेच.

पण फुल्या मोजत बसले तर रेघांवर अन्याय होईल.

दुसऱ्या भागात मला सगळ्यात आवडली ती रजा. होय, रजा. झेडन शिक्षण संपवून सीमेवरच्या सॅमारा ठाण्यावर नेमणुकीला जातो, व्हायोलेट विद्यालयात मागे राहते. त्यांचे ड्रॅगन, टेर्न आणि स्गेल, एकमेकांचे जोडीदार आहेत. त्यांना फार दिवस दूर ठेवता येत नाही, म्हणून स्वारांनाही ठरावीक दिवसांनी भेटू द्यावं लागतं. मॅकॅफ्रीकडे ड्रॅगनांच्या मीलनाच्या ओढीने स्वार ओढले जात. इथे तीच युक्ती सरकारी रजेच्या वेळापत्रकात बसवली आहे. आणि नवा उपप्रमुख व्हॅरिश ते वेळापत्रक छळायला वापरतो. आज तिला पहारा, पुढच्या वेळी त्याला काम. दोघांच्या हाती उरतात ती उड्डाणाने थकलेली शरीरं, काही तास आणि न बोललेल्या गोष्टी. इथे लेखिका स्वतःच्या अंगणात आहे. तिचा नवरा वीसहून अधिक वर्षं अमेरिकेच्या सैन्यात होता. ड्रॅगनांकडे वळण्याआधी ती सैनिकांच्या घरांवरच्याच प्रेमकादंबऱ्या लिहीत होती, ‘फुल मेझर्स’ हे तिचं पहिलं पुस्तक २०१४ चं. लपवाछपवीच्या भांडणालाही या जागी एक खरा आधार मिळतो. फौजेतल्या माणसाला घरी सगळं सांगता येत नाही, आणि घरच्या माणसाला ते न सांगणं कळतं. आमच्यातल्या एकींचे यजमान सैन्यात होते, माहेर-सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातलं. रजा मंजूर झाल्याची तार आणि मग रद्द झाल्याची तार, या दोन तारांमधल्या चार दिवसांवर त्यांनी जे लिहिलंय त्यात ड्रॅगनचा उल्लेख एकदाच येतो. संपादन करताना मी त्यातला शब्दही हलवला नाही.

दुसरी रेघ अँडार्नाची. व्हायोलेटला दोन ड्रॅगन आहेत, जे आजवर कुणालाच लाभले नव्हते. टेर्न हा मुरलेला, खडूस, आणि अँडार्ना छोटी, सोनेरी. पहिल्या भागात ती इतकी गोड होती की मला जरा धास्तीच वाटली होती. गोड प्राणी हे विक्रीचं साधन असतं. दुसऱ्या भागात ती दीर्घ झोपेतून उठते ती काळी, लांबलचक, चिडकी, वयात आलेली. सोनेरी पिसारलेपण गेलं. बोलण्यात तिरकसपणा आला. आणि एक पंख नीट उघडत नाही. व्हायोलेटसाठी तिने पहिल्या भागात आपली शक्ती वेळेआधी खर्च केली, त्याची ही किंमत. ती एकटी लांब उडू शकत नाही, पाठीवर स्वार घेऊ शकत नाही. टेर्नच्या छातीशी बांधलेल्या पट्ट्यांच्या आधाराने तिला नेतात. दमली की ती त्यात अडकते, बरं वाटलं की सुटते, आणि आधार घ्यावा लागतो याचा तिला भयंकर राग येतो. खोगिराची लाज वाटणारी मुलगी आता दुसऱ्या कुणाला तरी पट्टा बांधायला लावते आहे. लेखिकेने हे कुठे बोट ठेवून सांगितलेलं नाही. सहाशेवर पानांत तिने जिथे जिथे स्वतःला आवरलं आहे, त्यातली ही सर्वांत चांगली जागा.

व्हॅरिशच्या कोठडीतला भागही कसलेला आहे. छळ होत असताना व्हायोलेटला पहिल्या भागात मेलेला मित्र लियम शेजारी बसलेला दिसतो आणि तो तिच्याशी गप्पा मारतो. मग तिच्या आठवणी उपटून काढायला डेनला आणतात. डेनला स्पर्शाने दुसऱ्याची आठवण पाहता येते. पूर्वी एकदा त्याने न विचारता तिची आठवण चोरली आणि त्याचा शेवट लियमच्या मरणात झाला. आता ती स्वतः म्हणते, बघ. तो बघतो, आणि बाजू बदलतो. ‘तू विचार’ आणि ‘तू सांग’ हा जो वाद प्रियकराबरोबर पानंच्या पानं चालतो तो जुन्या मित्राबरोबर एका स्पर्शात मिटतो. लेखिकेला हा विरोध दिसला होता का, मला सांगता येणार नाही. दिसला असता तर अर्धी भांडणं तिने स्वतःच कापली असती, असं आपलं मला वाटतं.

आणि आई. पहिल्या भागात लिलिथ सॉरेंगेल ही निव्वळ कठोर बाई होती, पोटच्या पोरीला मरणाच्या दारात उभी करणारी. दुसऱ्या भागात कळतं, की झेडनशी तिने आधीच सौदा केला होता. बंडखोरांच्या १०७ मुलांची हमी झेडनने घेतली होती. त्यांना विद्यालयात जागा देण्याच्या बदल्यात त्याने तिच्या मुलीला जिवंत ठेवायचं. प्रेमकथेच्या पायाखाली आईची वाटाघाट निघते. ज्यांनी पहिल्या भागात ‘तो तिच्यावर विश्वास टाकतो’ म्हणून टाळ्या वाजवल्या, त्या आम्ही सगळ्याजणी इथे जरा गप्प झालो. शेवटच्या लढाईत राज्याचं रक्षण करणारी शिला फुटते. ब्रेनन, सांधण्याची शक्ती असलेला, ती सांधतो. शिलेत शक्ती ओतायला कुणीतरी स्वतःला संपवावं लागणार असतं आणि व्हायोलेट ते करायला निघालेली असते. आई तिला बाजूला करते. वर्षानुवर्षांनी तिची तिन्ही मुलं एका खोलीत आहेत, आणि जनरल बाई त्यांना जवळ घेऊन रडत बसत नाही. काम करते. मला हे प्रकरण दोनदा वाचावं लागलं. पहिल्यांदा डोळ्यांमुळे, दुसऱ्यांदा हे पाहायला, की माझ्याकडून हे काढून घेतलं कसं. उत्तर साधं आहे. या बाईला सहाशे पानांत लेखिकेने स्वतःची बाजू मांडू दिलेली नाही. नायक-नायिका अखंड बोलतात, म्हणून त्यांची दुःखं वाटून वाटून पातळ झाली आहेत.

पुस्तकाचे सरळ दोन भाग आहेत. पहिला बॅस्गियथमध्ये. सत्य चव्हाट्यावर येतं, स्वारांचा मोठा गट विद्यालय सोडून झेडनच्या अरेशियाकडे निघतो, तिथे तो संपतो. दुसऱ्या भागात अरेशिया, शेजारच्या देशाच्या ग्रिफनस्वारांशी जमवून घेणं, अर्धवट उभं राहिलेलं संरक्षण आणि परत बॅस्गियथची लढाई. पहिला भाग एकटा छापला असता तर ती आटोपशीर, टोकदार कादंबरी झाली असती. दुसऱ्याला स्वतःचा श्वास मिळाला असता. दोन्ही एका बांधणीत कोंबल्यामुळे मध्ये शंभर-दीडशे पानं अशी आहेत जिथे माणसं फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात. सहा महिन्यांची मुदत आणि वाढलेली मागणी इथे जाणवते. पहिल्या छपाईच्या काही प्रतींत पानं गहाळ किंवा उलटी बांधलेली निघाली आणि त्याचा बराच गवगवा झाला. कडा काळ्या रंगवलेली देखणी प्रत, आणि आत गडबड. टिपणांपैकी एकात यावरून पुस्तकालाही तोच शेरा मारला आहे. तो मला जरा सोपा वाटला, पण ठेवला.

नावांबद्दलही थोडं. ड्रॅगनांची बरीच नावं स्कॉटिश गेलिकमधून घेतली आहेत. टेर्नचं पूर्ण नाव ज्या शब्दावरून आलं त्याचा अर्थ गडगडाट, आणि त्याच्या स्वाराला वीज पाडता येते. छान जुळणी. पण दुसऱ्या भागाच्या वेळी लेखिकेने एका मुलाखतीत यांचे उच्चार सांगितले, आणि गेलिक बोलणारी मंडळी कळवळली. आपल्या घरात उरलेली थोडकी भाषा कुणी खपाच्या पुस्तकात दागिन्यासारखी घालावी आणि ती म्हणता येऊ नये, याचं वाईट वाटणं मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तरी आम्हीही काही शुद्ध नाही. या पुस्तिकेत त्याच नावांची देवनागरी करताना आम्ही चार वेळा मत बदललं. ‘झेडन’ की ‘झेडेन’ यावर एक अख्खी बैठक गेली. जिथे ठरलं नाही तिथे भाचीचा उच्चार धरला आहे, कारण ती ध्वनिपुस्तकही ऐकते. ‘ड्रॅगन’ला मात्र मराठी शब्द शोधला नाही. देवळांच्या भिंतींवरचा व्याल सुचवला होता एकाने, पण त्याच्यावर बसून कुणी प्रेमात पडल्याचं कुणाच्या डोळ्यांसमोर येईना.

शेवटच्या प्रकरणात, पहिल्या भागासारखंच, कथन झेडनकडे जातं. युद्धात त्याने जमिनीतून शक्ती ओढली आहे. म्हणजे ज्यांच्याशी लढायचं त्यांच्यातलाच तो एक झाला आहे. माझी द्विधा इथे टोकाला गेली. एकीकडे ही खरी कलाटणी आहे. एकत्र राहणाऱ्या जोडीला वेगळं करणारं कारण अखेर सापडलं, आणि ते भांडणातून आलेलं नाही. पहिल्या पानापासून हेच असतं तर? दुसरीकडे हे कारण पानं संपताना सापडतं, म्हणजे तिसरा भाग विकत घ्या. मी घेतला, अर्थातच. तो आता पलंगाशेजारी आहे, खूण अजून सुरुवातीच्याच पानांत.

टिपणांचा क्रम ठरवताना मी एक गोष्ट मुद्दाम केली आहे. खोगीर पटलेल्या त्या बाईंनी ‘आयर्न फ्लेम’ अर्ध्यात सोडलं. नेमकं कुठे, तर पहिला भाग संपतो तिथे, सगळे आकाशात झेपावून अरेशियाकडे निघतात त्या पानावर. त्यांना पुस्तक आवडलं नाही असं नाही. त्यांच्या लेखी ते तिथेच संपलं. त्यांचं टिपण पहिलं घेतलं आहे. पुढे आई मरते, झेडनचं काय होतं, हे त्यांनी आजवर कुणाला विचारलेलं नाही आणि आम्हीही जीभ आवरली आहे. मुद्रितं देऊन झाल्यावर परवा त्यांचा फोन आला. शुद्धलेखनाच्या दोन चुका सांगून झाल्या, मग थोडं थांबून म्हणाल्या, “एवढंच सांगा, त्या छोटीचा पंख उघडला का?”